पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!

मार्च २०२४. होळीच्या आदल्या आठवड्यातली एक रात्र. मुलुंडला आमच्या घरी सगळे झोपलेले, पंख्याची घरघर चालू आणि मी लॅपटॉपसमोर. दुसऱ्या दिवशी सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. कोड तयार, प्रेझेंटेशन तयार, रिपोर्टचं स्पायरल बाइंडिंगसुद्धा झालेलं. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? झोपावं! मी काय केलं? ‘चला, जाता जाता सिस्टिम अपडेट करून टाकू’ असा उदात्त विचार केला, टर्मिनल उघडलं आणि ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ असं टाइप केलं.

स्क्रीनवर मारुतीच्या शेपटासारखी यादी सरसर वर गेली. खाली नेहमीचा प्रश्न आला : पुढे जायचं का? वाय की एन? मी नेहमीप्रमाणे वाय दाबला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा काम संपलं होतं. लॅपटॉप रीस्टार्ट केला. काळी स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरात ‘लॉगिन’ आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. डेस्कटॉप गायब, वाय-फाय गायब, ब्राउझर गायब. आणि झोपही गायब!

मित्रांनो, हा लेख त्या रात्रीबद्दल आहे, पण रडगाणं गाण्यासाठी नाही. त्या रात्रीनंतर मला दोन सल्ले मिळाले. ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, “लिनक्स सोड आणि गुपचूप विंडोजवर ये, फारच हौस असेल तर त्याच्या आत डब्ल्यूएसएल चालव.” दुसरा म्हणाला, “लिनक्स ठेव, पण एकदा चाललं की त्याला हात लावू नकोस. अपडेट नाही, अपग्रेड नाही.” दोन्ही सल्ले मनापासून दिलेले होते आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे होते. का, ते सांगतो.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. विंडोजमध्ये आपण सेटअपची फाइल शोधतो आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करतो. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येतं ते डिस्ट्रोच्या भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून. प्रत्येक पॅकेजच्या अंगावर एक चिठ्ठी डकवलेली असते : मला अमुक लायब्ररी हवी, तमुक आवृत्ती हवी, आणि त्या फलाण्याशी माझं पटत नाही. या सगळ्या चिठ्ठ्या वाचून मोट बांधायचं काम डेबियन आणि उबंटूमध्ये ‘ॲप्ट’ करतो. त्याच्या तीन आज्ञांमध्ये आपल्याकडे हमखास घोळ होतो. लोकलच्या भाषेत सांगायचं तर ‘अपडेट’ म्हणजे नवीन वेळापत्रक आणणं. त्याने गाडी जागची हलत नाही. ‘अपग्रेड’ म्हणजे प्रत्यक्ष गाडीत चढणं, पण आत बसलेल्या कोणालाही न उठवता. आणि ‘फुल-अपग्रेड’ म्हणजे नव्या माणसांना जागा करायला जुन्यांना खाली उतरवायचीही परवानगी देणं. त्या रात्री मी अशी परवानगी दिली होती. कोणाकोणाला उतरवणार त्याची यादी ॲप्टने मला दाखवली होती, दीडशेच्या वर नावं होती. मी ती वाचली नाही, एवढंच.

आता डेबियनबद्दल. इयान मर्डॉकने १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्याचं भांडार तीन मजल्यांचं आहे. तळमजल्यावर ‘स्टेबल’, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी येणारी, ठोकून बजावून घेतलेली आवृत्ती. वर ‘टेस्टिंग’, आणि सगळ्यात वर ‘अनस्टेबल’, जिथे नवं पॅकेज पहिल्यांदा येऊन पडतं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. बुकवर्म जून २०२३ ची, ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ ची. अनस्टेबलचं नाव मात्र कधीच बदलत नाही. ते कायम ‘सिड’. सिनेमातला सिड आठवतो ना? शेजारचा तो खेळणी मोडणारा पोरगा! नावातच इशारा आहे. सिडमधलं पॅकेज साधारण दोन ते दहा दिवस तिथे टिकलं, त्यात गंभीर बग निघाला नाही आणि त्याची सोबतची पॅकेजेसही तयार असली, तर ते टेस्टिंगमध्ये उतरतं. मी त्या सिडवर होतो. का होतो? खरं सांगायचं तर नवीन आवृत्ती सगळ्यात आधी आपल्याकडे असावी, या हौसेपायी. आणि थोडी वर्गात शायनिंग मारायला.

त्या मार्चमध्ये सिडमध्ये नक्की काय चाललं होतं, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर राग निम्मा झाला. युनिक्सच्या जगात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत ठेवला तर तो १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. आपल्या घड्याळाप्रमाणे त्या मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी! तेव्हापर्यंत चालू राहणाऱ्या ३२ बिटी यंत्रांचं काय, म्हणून डेबियनने वेळेचा आकडा ६४ बिटांचा करायचं ठरवलं. त्यासाठी ढिगाने लायब्ऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या आणि त्यांच्या नावांमागे ‘टी६४’ असं शेपूट लागलं. तुमच्या मशिनवर आज ‘टी६४’ शेपटाची पॅकेजेस दिसत असतील तर ती या कामातली. हे बदल २०२४ च्या फेब्रुवारीअखेर सिडमध्ये उतरायला लागले. पण सगळं एका दिवसात होत नाही. काही पॅकेजेसना नवी लायब्ररी हवी, काहींना अजून जुनीच हवी, आणि दोन्ही एकत्र नांदेनात. अशा वेळी ॲप्टला ‘काहीही करून नवीन कर’ म्हटलं तर तो बिचारा डेस्कटॉप उतरवून नवी लायब्ररी चढवतो. त्याचा दोष नाही. तो सांगकाम्या, आणि काम सांगणारा मी.

रिव्ह्यूचं काय झालं? सकाळी पेन ड्राइव्हवर कोड घेतला. मुलुंड ते घाटकोपर लोकल, मग मेट्रो, अंधेरी. वाटेत ग्रुपवर मेसेज टाकला. पार्टनरच्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, पण तिथे लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या. अर्धा डेमो चालला, अर्ध्याने मान टाकली. सरांनी शांतपणे विचारलं, “कालपर्यंत चालत होतं ना?” याला उत्तर नसतं. मार्क कापले गेले. मला एकट्याचे कापले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण ‘वाय’ मी दाबला आणि मार्क चौघांचे गेले. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला स्कॉलरशिपसाठी ठरावीक टक्के टिकवायचे होते. ती काही बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मीही ठरवलं. नकोच ते सिड. विकतचं दुखणं कशाला? स्टेबल टाकायची आणि गप्प बसायचं. वीकएंडला फोनचं नेट केबलने जोडून मशीन कसंबसं उभं केलं. डेटाचा बॅकअप घेतला. स्टेबलचा पेन ड्राइव्हही बनवून ठेवला. आणि नेमक्या त्याच महिन्याच्या शेवटी, २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी ती बातमी आली.

‘एक्सझेड’ ही फाइल दाबून लहान करणारी युटिलिटी. डेबियनची पॅकेजेसच मुळात तिने दाबलेली असतात, इतकी ती मुरलेली. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून प्रकल्पात छान छान काम करून विश्वास कमावला, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या मूळ डेव्हलपरचा भार हलका केला, आणि नवी आवृत्ती काढायचा अधिकार मिळाल्यावर टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींत विष लपवलं. ते विष पोचत होतं एसएसएच सर्व्हरपर्यंत, म्हणजे जगभरचे सर्व्हर ज्या दारातून चालवले जातात त्या दारापर्यंत. ज्याच्याकडे किल्ली असेल त्याला पासवर्ड न देता आत घुसता आलं असतं. धोक्याच्या मोजपट्टीवर या प्रकाराला दहापैकी दहा मिळाले.

पकडलं कोणी? कुठल्या अँटिव्हायरसने नाही, कुठल्या सरकारी संस्थेने नाही. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनीअर स्वतःच्या मशिनवर काही मोजमाप करत होता. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय, हे त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण अर्ध्या सेकंदासाठी डोकंही खाजवत नाही. त्याने खोदायला सुरुवात केली आणि विहीर लागली. आणि तो कशावर होता माहीत आहे? डेबियन सिडवर.

म्हणजे बघा. विष सिडमध्ये उतरलं होतं, टेस्टिंगमध्ये उतरलं होतं, फेडोराच्या विकासातल्या आवृत्तीत पोचलं होतं. डेबियन स्टेबलमध्ये मात्र नाही. आणखी काही महिने कोणाच्या लक्षात आलं नसतं तर ते पायरी पायरीने खाली उतरून बँकांच्या, हॉस्पिटलांच्या, तुमच्या-माझ्या कॉलेजच्या सर्व्हरवर जाऊन बसलं असतं. उबंटू आपलं बरंचसं सामान डेबियन अनस्टेबलमधूनच घेते. त्यामुळे तिथेही धावपळ झाली. २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजेस नव्याने बांधावी लागली. डेबियनने जुन्या चांगल्या एक्सझेडला नवा नंबर दिला तोही वाचण्यासारखा : ‘५.६.१ अधिक रिअली ५.४.५’. आकडा मागे नेता येत नाही, म्हणून चक्क ‘खरं म्हणजे ५.४.५’ असं नावातच लिहून टाकलं!

माझ्या लॅपटॉपवर ती विषारी आवृत्ती होती का? होती. त्या भयंकर रात्रीच्या यादीत एक्सझेडही होता. एसएसएच सर्व्हरही मी चालू ठेवला होता. घरच्या राउटरमागच्या माझ्या लॅपटॉपला कोण विचारतो, हे खरं. तरी अंगावर काटा आला. पण भीती ओसरल्यावर दुसरा विचार आला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही. माझ्याकडेही तेच मशीन, तेच सिड, तोच अर्धा सेकंद. फ्रॉइंड बघत होता आणि मी बघत नव्हतो. सिडवर राहणाऱ्याचं काम नवीन आवृत्तीची शेखी मिरवणं हे नाहीच. त्याचं काम पहारेकऱ्याचं. आणि मी पहाऱ्यावर झोपलेला!

तेव्हा माझं म्हणणं असं. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण नेहमी मागच्याच्या बाजूने ऐकतो. पण मागच्याने शहाणं व्हायचं तर पुढे कोणीतरी चालायला हवं, आणि ठेच लागल्यावर त्याने ओरडायला हवं. प्रत्येक वर्गातल्या साठ जणांपैकी निदान एका-दोघांनी तरी विकासातल्या आवृत्तीवर राहावं, हौस म्हणून नव्हे तर काम म्हणून. उरलेल्या अठ्ठावन्न जणांनी खुशाल स्टेबलवर राहावं.

तुम्ही म्हणाल, जगात हजारो लोक सिड वापरतात, मुंबईच्या उपनगरातल्या एका पोराने वापरलं काय नि नाही वापरलं काय? याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मराठीत आहे. अर्धा सेकंद जर्मन माणसालाही कळतो. पण ‘कुऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतला र कसा दिसायला हवा, हे कोणाला कळणार? हिंदीत हा र लागत नाही, तो आपला आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणंही हिंदीहून वेगळी. ‘ॲप्ट’ मधला ‘ॲ’ घ्या. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये. त्याआधीच्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसायचा. नव्या आवृत्तीत फाँट बदलतो, अक्षरं जुळवणारी हार्फबझसारखी लायब्ररी बदलते, आणि कुठेतरी ‘ऱ्या’ मोडतो. सिडमध्ये तो मोडलेला कोणी मराठी माणसाने पाहिला नाही, तर तसाच स्टेबलमध्ये जातो आणि पुढची दोन वर्षं तिथे बसतो. मग आपण म्हणतो, लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही बुवा!

हे काम आपल्याच परिसरात झालेलं आहे, हे आपण विसरलोय. जुहूच्या एनसीएसटीने, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्यासाठी ‘इंडिक्स’ हा प्रकल्प केला होता. ‘गार्गी’ या मुक्त देवनागरी फाँटच्या कामात मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नागार्जुन जी. आणि इंडिकट्रान्सचा गट होता. डेबियनमध्ये तो ‘फाँट्स-गार्गी’ या पॅकेजमधून मिळतो. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर कसा वापरायचा, हे मराठीतून ऐकायला मिळतं. जुहू, मानखुर्द, पवई. ही काही सिलिकॉन व्हॅलीतली गावं नाहीत. तिकीट काढून जाता येतं!

माझा स्वतःचा अनुभव छोटासा आहे. स्टेबलचा तो पेन ड्राइव्ह मी वापरलाच नाही. सिड ठेवलं, पण नियम बदलले. गेल्या वर्षी एका एडिटरमध्ये ‘ऱ्या’ तुटलेला दिसला. डेबियनला बग कळवायला खातंबितं उघडावं लागत नाही, ईमेल पुरतो. ‘रिपोर्टबग’ नावाचं साधन सगळे तपशील गोळा करून देतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं. उलट विचारणा झाली : हे अक्षर कसं दिसायला हवं, त्याचं चित्र पाठवाल का? मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘कुऱ्हाड’ लिहिलं, फोटो काढला आणि पाठवला. काही आठवड्यांनी दुरुस्ती आली. एवढंच. पण कॉलेजच्या कुठल्याही असाइनमेंटने मला एवढं समाधान दिलेलं नाही.

आता दुसऱ्या सल्ल्याबद्दल : ‘चाललंय ना, मग हात लावू नका.’ एका स्पर्धेसाठी मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण असं एकच कॉलेज आहे असं मला वाटत नाही. तिथल्या मशिनवर उबंटूची १९.१० ही आवृत्ती होती. तिचा आधार जुलै २०२० मध्येच संपलाय. अशा आवृत्त्यांची भांडारं मूळ जागेवरून हलवून अडगळीत ठेवतात. त्यामुळे एक साधं पॅकेज टाकायला गेलो तर ४०४. लॅब असिस्टंट काका म्हणाले, “त्याला हात लावू नको रे, बिघडलं तर प्रॅक्टिकलला कोण बसवणार?” त्यांचं बरोबर होतं. पन्नास मशीन, माणूस एक. पण परिणाम काय? तिथे शिकणारी मुलं टाकायला जातात आणि ४०४ बघून परततात. पॅकेज टाकणं म्हणजे काय हे त्यांना चार वर्षांत कळतच नाही. मी न वाचता वाय दाबतो आणि लॅब न वाचता एन दाबते. रोग एकच.

लॅबसाठी उपाय आहे आणि तो फुकट आहे. दर सुट्टीत स्टेबल किंवा एलटीएस आवृत्ती ताजी करायची, आणि एका जुन्या मशिनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवायचा. पहिल्या मशिनने उतरवलेलं पॅकेज तो जपून ठेवतो आणि बाकीच्यांना तिथूनच देतो. पन्नास वेळा डाउनलोड नाही. हे काम टी.ई.ची दोन मुलं एका रविवारी करू शकतील. काकांना फक्त आपण मदतीला आहोत एवढा विश्वास वाटायला हवा.

रविवार म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेगाब्लॉक! मध्य रेल्वेवाल्यांचा मेगाब्लॉक, पश्चिमवाल्यांचा जम्बो ब्लॉक. आपण त्याला शिव्या घालतो, पण मला वाटतं अपग्रेड कसं करावं हे रेल्वेकडून शिकावं. ब्लॉक आधी जाहीर करतात. सोमवारी सकाळी साडेआठला घेत नाहीत, रविवारी घेतात. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर काम असेल तर जलद गाड्या धीम्या मार्गावरून काढतात, म्हणजे एक रूळ मोकळा ठेवूनच दुसऱ्याला हात घालतात. मी काय केलं होतं? परीक्षेच्या आदल्या रात्री, न सांगता, सगळे रूळ एकदम उखडले होते!

म्हणून आता माझे नियम असे. सिडला वेगळं पार्टिशन, किंवा मशीन दणकट असेल तर व्हर्च्युअल मशीन. प्रोजेक्टचं काम स्टेबलवर. सिडचं अपग्रेड रविवारी, आणि सबमिशनच्या आठवड्यात मुळीच नाही. आधी साधं ‘अपग्रेड’. ‘फुल-अपग्रेड’ करण्याआधी ‘वजा एस’ लावून त्याची रंगीत तालीम करायची. त्यात काहीच बदलत नाही, फक्त काय होणार ते दिसतं. यादीतला ‘काढून टाकणार’ हा भाग शेवटच्या नावापर्यंत वाचायचा. त्यात डेस्कटॉप किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसला तर एन दाबून चहा प्यायला जायचं. चार दिवसांनी पॅकेजेसचं आपापसात जमलेलं असतं. ‘ॲप्ट-लिस्टबग्ज’ टाकून ठेवायचा, तो गंभीर बग असलेलं पॅकेज आत येण्याआधी बजावतो. नको ते पॅकेज ‘होल्ड’ वर ठेवता येतं. आणि काही बिघडलंच तर ॲप्टच्या लॉगमध्ये काय आलं, काय गेलं ते तारखेसकट लिहिलेलं असतं. जुन्या आवृत्त्या डेबियनच्या स्नॅपशॉट भांडारात मिळतात.

आणखी एक, पायथॉनवाल्यांसाठी. बुकवर्मपासून ‘पिप’ सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही टाकू देत नाही, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतो. वर्गात यावर एक रामबाण उपाय फिरतो : ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय लावा, चालतं. अरे बाबांनो, नाव तरी वाचा! सिस्टिम मोडायचं कलम आपण सहीनिशी मान्य करतोय. पाच सेकंदांत ‘व्हेन्व्ह’ बनतो, तिथे हवा तो गोंधळ घाला.

हे सगळं मी बोरिवलीच्या मामाला सांगत होतो. तो २००३-०४ च्या सुमाराला इंजिनीअरिंगला होता. तेव्हा मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, आणि पुढे उबंटू तर घरपोच फुकट सीडी पाठवायची. मी विचारलं, “मामा, तू कधी वाय दाबून पस्तावला नाहीस?” तो हसला. म्हणाला, “अरे, तेव्हा डायल-अप. वाय दाबला की रात्रभर फोन एंगेज. सकाळी तुझी आजी बिल दाखवून ओरडायची. म्हणून आधी यादी तीनदा वाचायचो, नको ते काढायचो, मगच वाय.” मला वाटतं यातच सगळं आलं. त्यांचं नेट महाग होतं म्हणून त्यांनी वाचलं. आपलं स्वस्त आहे म्हणून आपण वाचत नाही. पण चूक तेवढीच महाग आहे. मला विचारा, नाहीतर आमच्या ग्रुपमधल्या त्या मैत्रिणीला विचारा.

आता मी बी.ई.ला आहे. ग्रुप तोच आहे, त्यांनी मला काढलं नाही. अट एकच घातली : अपग्रेड करण्याआधी ग्रुपवर मेसेज टाकायचा. तो मी टाकतो, अगदी रेल्वेच्या थाटात : ‘रविवारी सकाळी अकरा ते दुपारी चार मेगाब्लॉक. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.’

ज्युनिअर्सपैकी कोणाला पुढे चालायचं असेल तर जरूर या. ठेच लागेल, आणि ती कशी कळवायची ते मी शिकवीन. फक्त वाय दाबण्याआधी यादी वाचायची तयारी ठेवा. अगदी शेवटच्या नावापर्यंत.